दिशादर्शक यंत्र सोबतीला, पण वाट आपल्याच डोळ्यांनी

पत्ता चुकण्याचा त्रास वर्धा जिल्ह्याला नवा नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास आले, त्याचे मूळ नाव शेगाव. बुलडाणा जिल्ह्यातले शेगावही याच रेल्वेमार्गावर. साहजिकच आश्रमाची पत्रे भलत्याच शेगावी जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये या खेड्याचे नामकरण सेवाग्राम असे झाले आणि टपालाचा घोटाळा मिटला.

टपाल खात्याला तेव्हा जो पेच पडला, तोच आज मोटारीच्या काचेला चिकटवलेल्या चार-पाच इंची यंत्राला पडतो. त्याला ‘कारंजा’ म्हणून सांगितले तर ते वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेला नेईल की वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, हे चालकाने काय निवडले यावर ठरते. यंत्राला उपग्रहांकडून मिळते ते आपण कुठे आहोत याचे उत्तर. आपल्याला कुठे जायचे आहे आणि कोणत्या वाटेने जाणे शहाणपणाचे आहे, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. साधे, स्वस्त दिशादर्शक यंत्र रोजच्या वापरात आणताना हा फरक मनात पक्का असला, तर ते उत्तम सोबती ठरते. नसला, तर मनस्ताप होतो आणि कधीकधी जिवावरही बेतते.

आपल्याकडे अशी स्वतंत्र यंत्रे २००७ नंतरच्या काही वर्षांत रुळली. मॅपमायइंडिया, सॅटगाइड, गार्मिन ही नावे तेव्हा मोटारीच्या सजावट साहित्याच्या दुकानांतून दिसू लागली. पुढे स्मार्टफोनने हे काम फुकटात करायला सुरुवात केली आणि या यंत्रांची मागणी ओसरली. तरीही अनेकांच्या घरी ती अजून आहेत. काही मोटारींच्या मूळ पडद्यातच ती बसवलेली असतात आणि नेटवर्क नसताना फोनमध्ये साठवलेला नकाशा वापरणारा माणूसही प्रत्यक्षात असेच साधे यंत्र वापरत असतो. त्यामुळे पुढील विवेचन या तिन्ही प्रकारांना लागू आहे.

यंत्र नेमके करते काय?

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली यंत्रणा. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तिचे उपग्रह फिरतात. संपूर्ण जगाला सेवा देण्यासाठी किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिक कार्यरत ठेवलेले असतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो सतत ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ एवढाच संदेश प्रक्षेपित करीत राहतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तरीही त्याला जमिनीवर पोहोचायला एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी साधारण सात भाग लागतात. या विलंबावरून यंत्र त्या उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते.

एका उपग्रहाचे अंतर कळले, तर आपण एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत, एवढेच समजते. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपग्रहाच्या अंतराने ती शक्यता एका जागेपर्यंत आकसते. मग चौथा उपग्रह कशाला? कारण आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. चौथ्या उपग्रहामुळे घड्याळाची ही चूकही गणितातून शोधून दुरुस्त करता येते. म्हणूनच चार उपग्रह ‘दिसल्याखेरीज’ यंत्र भरवशाची जागा सांगू शकत नाही.

नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २००० च्या प्रारंभी हा अडसर दूर झाला आणि मोटारीत वापरता येईल इतकी अचूकता सर्वांना मिळाली. आज उघड्या आकाशाखाली साधे यंत्रही पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगते. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची यंत्रणा उभारली. परंतु जुन्या, साध्या यंत्रांना तिचे संदेश घेता येत नाहीत. ती जीपीएसवरच चालतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘उपग्रह आपल्यावर पाळत ठेवतो’ असे पुष्कळांना वाटते. साधे दिशादर्शक यंत्र रेडिओसारखे असते. ते केवळ ऐकते, उलट काही पाठवत नाही. कोणती मोटार कुठे आहे, हे उपग्रहाला कळत नाही. ट्रक-बसमध्ये बसवलेली, मालकाला गाडीचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रे वेगळी. ती आपली जागा मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवतात.

हिंगणघाटची कबर

जागा सांगणारा उपग्रह आणि रस्ते सांगणारा नकाशा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राच्या पडद्यावर त्या एकत्र दिसतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. उपग्रहाचे गणित जवळपास अचूक असते. नकाशा मात्र माणसांनी केलेला असतो आणि तो केलेल्या दिवसापासून जुना होऊ लागतो.

नकाशा करण्याची किंमत काय असते, याची साक्ष वर्धा जिल्ह्यातच आहे. भारतीय उपखंडाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली. तेथून जवळजवळ अर्धा टन वजनाचा कोनमापक घेऊन, टेकडीमागून टेकडी आणि देवळाच्या गोपुरामागून गोपूर गाठत त्यांचे पथक उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे तळ हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

लॅम्बटन कोन मोजून जागा ठरवत. आपले यंत्र अंतरे मोजून तेच करते. वीस वर्षे आणि एक आयुष्य ज्या कामी लागले, त्या जातीचे गणित हिंगणघाटच्या चौकात उभी असलेली मोटार आता काही सेकंदांत करते. परंतु त्या जागेभोवतीचा रस्ता, पूल, वळण आणि गावाचे नाव कोणीतरी जमिनीवर फिरूनच टिपावे लागते. तेवढे काम अजूनही संपलेले नाही.

बसवायचे कुठे, सुरू कसे करायचे?

यंत्र घेतल्यावर पहिला प्रश्न ते लावायचे कुठे, हा. काचेच्या मधोमध, डोळ्यांसमोर लावलेले यंत्र रस्ताच झाकते. काचेच्या खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, नजर फार न हलवता दिसेल अशी जागा सोयीची. एअरबॅग उघडते त्या भागात ते लावू नये. काचेला चिकटवण्यापूर्वी काच आणि रबरी चकती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. विदर्भातल्या धुळीत ही चकती चटकन सुटते.

उन्हाळ्यात विशेष काळजी हवी. वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद मोटारीत तापमान त्याहून कितीतरी वाढते. यंत्रातील लिथियम बॅटरीला ही उष्णता मानवत नाही. गाडी उन्हात उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावे. चोराच्या नजरेपासूनही ते वाचते. बॅटरी जुनी झाली की यंत्र सिगारेट-लायटरच्या जागेतून वीज मिळेपर्यंतच चालते, म्हणून तारेची जोडणी घट्ट आहे ना, ते निघण्यापूर्वीच पाहावे.

बरेच दिवस बंद असलेले किंवा दूरच्या गावी नेलेले यंत्र सुरू केले की लगेच जागा सांगत नाही. ते बिघडले आहे असे समजू नये. उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ही माहिती काही तासांतच शिळी होते. सर्व उपग्रहांची ढोबळ यादी संपूर्ण मिळायला तर साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून यंत्र सुरू करून गाडी दोन-तीन मिनिटे उघड्या आकाशाखाली उभी ठेवावी. इमारतीच्या पोर्चखाली किंवा दाट झाडीत, तेही गाडी चालू ठेवून, संदेश पकडायला यंत्राला अधिक वेळ लागतो.

जायचे ठिकाण निघण्यापूर्वीच भरून ठेवावे. चालत्या गाडीत पडद्यावर अक्षरे दाबणे धोक्याचे तर आहेच, शिवाय कायद्यालाही ते मान्य नाही. मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातातील संपर्कसाधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो. स्वतंत्र यंत्राच्या बाबतीतही हाच विवेक पाळावा. शेजारी कोणी बसले असेल, तर यंत्र त्याच्या हाती द्यावे आणि आपण आवाज ऐकावा.

एका नावाची अनेक गावे

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके. त्यांपैकी निम्म्यांच्या तरी नावांना दुसरीकडे जुळे भावंड आहे. सेलू वर्ध्यात, तसे परभणी जिल्ह्यातही. आष्टी येथे, तशी बीड जिल्ह्यात आणि गडचिरोलीतही. कारंजाचे उदाहरण वर आलेच. देवळी नावाची गावे तर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. तळेगाव म्हटले की पुण्याकडचा माणूस तळेगाव दाभाडे समजेल, अमरावतीचा तळेगाव दशासर आणि आर्वीचा तळेगाव श्यामजीपंत.

जुन्या लोकांनी या घोटाळ्यावर उत्तर शोधून ठेवले होते. गावाच्या नावामागे घराण्याचे, माणसाचे, रेल्वेचे किंवा घटनेचे नाव जोडायचे. कारंजा (घाडगे), सावंगी (मेघे), सिंदी (रेल्वे) ही त्याची उदाहरणे. १९४२ च्या लढ्यातील हुतात्म्यांची आठवण सांगणारे आष्टी (शहीद) हेही त्यातलेच. कंसातला हा शब्द शोभेचा नाही, तो पत्त्याचा अर्धा भाग आहे. सिंदी (मेघे) हे वर्धा शहराला चिकटून आहे. सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातले, नागपूरच्या लोहमार्गावरचे वेगळे गाव आहे. यंत्रात कंसातला शब्द वगळला की एका सिंदीचा पाहुणा दुसऱ्या सिंदीत पोहोचतो.

दुसरी अडचण रोमन अक्षरांची. साध्या यंत्रांची कळपट्टी बहुधा इंग्रजी असते आणि इंग्रजीत ‘ळ’ नाही. येळाकेळी नकाशात ‘येलाकेली’ होते. देवळीचे इंग्रजी नाव ‘देओली’ असे लिहिण्याची जुनी सरकारी पद्धत आहे. पवनारचे ‘पौनार’ होते. म्हणून गाव सापडले नाही, तर ते नकाशात नाहीच असे समजण्यापूर्वी दोन-तीन निराळ्या स्पेलिंगांनी शोधून पाहावे. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नावाने शोधल्यावर यादीतला पहिला पर्याय डोळे झाकून न स्वीकारता, त्यापुढे लिहिलेला जिल्हा आणि अंतर वाचणे. वर्ध्याहून सेलूला निघालेल्या माणसाला यंत्राने शेकडो किलोमीटर अंतर दाखवले, तर ते परभणीचे सेलू आहे, हे तेथेच उमगायला हवे.

वर्धा शहरापुरते बोलायचे तर येथे रेल्वे स्थानकेही दोन. एक वर्धा जंक्शन आणि दुसरे सेवाग्राम, ज्याला पूर्वी वर्धा पूर्व म्हणत. पाहुणा कोणत्या स्थानकावर उतरणार आहे, हे तिकिटावर पाहून मगच ते यंत्रात भरावे. शहराभोवतीच्या नालवाडी, म्हसाळा, पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) या भागांत नवनवी लेआउट पडली आहेत. तेथे घर क्रमांकाने पत्ता शोधणे साध्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी जवळची शाळा, देऊळ किंवा चौक हे ठिकाण निवडावे आणि उरलेली वाट विचारावी.

अक्षांश-रेखांश माहीत असतील, तर नावाचा प्रश्नच उरत नाही. मात्र ते कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, ते पाहावे. ‘२०.४५ अंश’ आणि ‘२० अंश ४५ मिनिटे’ या एक गोष्टी नाहीत. एका अंशाची मिनिटे साठ असतात, त्यामुळे २० अंश ४५ मिनिटे म्हणजे २०.७५ अंश. या दोहोंतला फरक जमिनीवर सुमारे ३३ किलोमीटरचा होतो. वर्धा शहराचा अक्षांश जवळपास २० अंश ४५ मिनिटे आहे. तो चुकून २०.४५ असा भरला, तर यंत्र आपल्याला हिंगणघाटच्याही दक्षिणेला पाठवील.

जवळचा रस्ता की लवकरचा?

प्रत्येक यंत्रात मार्ग निवडण्याचे दोन मुख्य पर्याय असतात. एक सर्वांत कमी अंतराचा आणि दुसरा सर्वांत कमी वेळाचा. नवा ग्राहक पेट्रोल वाचेल या हिशेबाने पहिला निवडतो आणि फसतो. कमी अंतराचा मार्ग शोधताना यंत्र महामार्ग, जिल्हा मार्ग आणि शेतातली पांदण यांत भेद करीत नाही. काळ्या कसदार मातीची पांदण उन्हाळ्यात कशीबशी पार होते. दोन पावसांनंतर तिच्यात बैलगाडी रुतते, तेथे मोटारीची काय कथा? रोजच्या वापरासाठी ‘कमी वेळाचा मार्ग’ हा पर्याय ठेवावा आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ अशी सोय असल्यास ती सुरू करावी.

पोहोचण्याची जी वेळ यंत्र दाखवते, तिच्यामागेही असाच ठोकताळा असतो. रस्त्याच्या प्रकारानुसार ठरावीक वेग गृहीत धरून ती काढलेली असते. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग किंवा रेल्वेचे बंद फाटक साध्या यंत्राला दिसत नाही. स्वस्त यंत्रात रहदारीची ताजी माहिती येत नसते, हे ध्यानात ठेवून पदरचा अर्धा तास हाताशी ठेवलेला बरा.

वेगाच्या बाबतीत मात्र यंत्र चोख असते. मोटारीचे स्पीडोमीटर सहसा प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिक वेग दाखवते. सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात जाताना यंत्राचा आकडा वास्तवाच्या अधिक जवळ असतो. वेगमर्यादा ओलांडल्यावर वाजणारा इशारा चालू ठेवावा. मात्र तो नकाशातल्या जुन्या मर्यादेवर चालतो, म्हणून रस्त्यावरचा फलक हाच अंतिम मानावा.

जुना नकाशा, नवा महामार्ग

जुन्या यंत्राची खरी परीक्षा आज वर्धा जिल्ह्यातच होते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी. हा मार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. त्यावर चढण्या-उतरण्याची सोय येळाकेळी आणि विरुळ येथे आहे. त्याआधीचा नकाशा असलेले यंत्र घेऊन समृद्धीवर गेल्यास पडद्यावर आपली मोटार शेतांमधून धावताना दिसते आणि आतला आवाज दर मिनिटाला मागे फिरण्याचा आग्रह धरतो. एरवी ही करमणूक वाटेल. पण ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या मार्गावर गोंधळून वेग कमी करणे, थांबणे किंवा उतरण्याचे वळण चुकले म्हणून गाडी मागे घेणे, हे थेट अपघाताला आमंत्रण आहे. वळण चुकले तर पुढच्या उतारापर्यंत मुकाट्याने जावे. अशा मार्गावर जुने यंत्र बंद ठेवणेच श्रेयस्कर.

महामार्गांचे क्रमांकही बदलले आहेत. २०१० च्या फेररचनेत जामवरून आणि हिंगणघाटवरून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा ४४ झाला. कारंजा, तळेगाववरून अमरावतीकडे जाणारा ६ क्रमांकाचा मार्ग ५३ झाला. जुने यंत्र अजूनही ‘सातवर वळा’ म्हणते आणि फलकावर ४४ लिहिलेले असते. आजचा ७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पंजाब-उत्तराखंडाकडे आहे! अशा वेळी क्रमांकाऐवजी पुढच्या गावाच्या नावावर विसंबावे.

नकाशा अद्ययावत करण्याची सोय असेल, तर ती वर्षातून एकदा तरी वापरावी. यंत्र संगणकाला जोडून किंवा मेमरी कार्ड बदलून हे करता येते. भारतात नकाशे तयार करण्यावर पूर्वी अनेक निर्बंध होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते बऱ्याच अंशी शिथिल केले. तरीही संवेदनशील ठिकाणांबाबतचे नियम आहेतच. पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. अशा परिसरात यंत्राने रस्ता दाखवला, तरी फलक आणि पहारेकरी सांगेल तेच मानायचे असते. सेलू तालुक्यातील हिंगणीजवळच्या बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथेही यंत्राने आखलेली जवळची वाट पकडण्याआधी वन विभागाचा फलक पाहावा.

फार जुन्या यंत्रांत आणखी एक खोड आढळते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी ० ते १०२३ पर्यंतच होते आणि मग पुन्हा शून्यावर येते. असे २२ ऑगस्ट १९९९ रोजी आणि नंतर एप्रिल २०१९ मध्ये घडले. अद्ययावत न केलेली काही यंत्रे यामुळे चुकीची तारीख दाखवतात. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल.

पावसाळा आणि रपटे

यंत्राला जे मुळीच कळत नाही, ते म्हणजे पाणी. नकाशात पूल ही केवळ एक रेघ असते. ती रेघ नदीच्या पात्रापासून वीस फूट उंच आहे की नाल्यावरचा बुटका रपटा आहे, हे पडद्यावर दिसत नाही. वर्धा, धाम, बोर, यशोदा, वेणा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले पावसाळ्यात तासाभरात फुगतात. गावकऱ्यांना कोणत्या रपट्यावरून कधी पाणी वाहते, हे अनुभवाने ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला ते ठाऊक नसते आणि यंत्र तर ‘सरळ जा’ असेच सांगत राहते.

याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री नकाशाच्या आधारे जाताना कोतूळजवळच्या जुन्या पुलावर गेली. तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता. मोटार बुडाली आणि चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. दोन्ही ठिकाणी उपग्रहाने जागा बरोबर सांगितली होती, पण पुढच्या रस्त्याची खरी स्थिती पडद्यावर नव्हती.

म्हणून पावसाळ्यापुरता नियम साधा आहे. रात्री अनोळखी आडवाटेने जाऊ नये. मार्ग लांबला तरी राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग धरावा. रपट्यावर पाणी वाहताना दिसले, तर ते किती खोल आहे याचा अंदाज बांधू नये. फूटभर वाहते पाणीदेखील लहान मोटारीला ढकलून नेऊ शकते. समोर अंधार असेल, पडद्यावर रस्ता असेल आणि दिव्याच्या झोतात तो दिसत नसेल, तर दिव्याच्या झोतावर विश्वास ठेवावा.

रात्री दवाखाना गाठायचा असेल तर

या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग घाईच्या वेळी होतो आणि नेमक्या घाईच्या वेळीच त्यात पत्ता भरणे जमत नाही. वर्ध्यात दूरदूरहून रुग्ण येतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि दुसरे सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्ही ‘वर्ध्याचा दवाखाना’ म्हणूनच ओळखली जातात. परंतु ती शहराच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत. आर्वी, यवतमाळ किंवा चंद्रपूरहून रात्री निघालेल्या कुटुंबाने चुकीचा पर्याय निवडला, तर शहर ओलांडून परत फिरण्यात मोलाचा वेळ जातो.

यासाठी यंत्र हाती आल्याच्या दिवशीच पाच-सहा ठिकाणे ‘आवडती ठिकाणे’ या यादीत साठवून ठेवावीत. आपले घर, ही दोन्ही रुग्णालये, जवळचे पोलीस ठाणे, रेल्वे स्थानक आणि नेहमीचा पेट्रोल पंप. शक्य असल्यास दिवसा त्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन, फाटकासमोर उभे राहून जागा साठवावी. यादीतून शोधलेली जागा कधीकधी इमारतीच्या मागच्या भिंतीवर नेऊन सोडते. घरची जागा मात्र नेमक्या दारावर न साठवता जवळच्या चौकावर साठवणारे सावध लोकही आहेत. यंत्र चोरीला गेल्यास चोराला घरचा पत्ता मिळू नये, हा त्यामागचा विचार.

रस्त्यात गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर ‘मी कुठे आहे’ हे पान उघडावे. साध्या यंत्रातही ते असते. त्यावर अक्षांश-रेखांश आणि जवळच्या गावाचे नाव दिसते. १०८ वर रुग्णवाहिकेला किंवा ११२ वर पोलिसांना फोन करताना महामार्गाचा क्रमांक, जवळचा किलोमीटरचा दगड आणि हे आकडे सांगितले, तर मदत येणाऱ्याला शोधत फिरावे लागत नाही. ‘जामच्या पुढे कुठेतरी’ यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

फोन असताना वेगळे यंत्र कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ताजा नकाशा, रहदारीची माहिती आणि मराठी नावे यांत फोन आघाडीवर आहे. परंतु नेटवर्क तुटल्यावर फोनचा नकाशा, तो आधी साठवला नसेल तर, कोरा पडतो. स्वतंत्र यंत्राला नेटवर्क लागत नाही. त्यातला नकाशा त्याच्याजवळच असतो. ते चालवताना फोनची बॅटरी शाबूत राहते आणि ऐन वेळी कोणाचा फोन आला म्हणून रस्त्याचे चित्र झाकले जात नाही. जिल्ह्याबाहेर न जाणाऱ्याला, जुने यंत्र घरात असेल तर ते वापरात ठेवायला हरकत नाही. नवे घ्यायचे असल्यास मात्र भारताचा नकाशा त्यात आहे का, तो पुढे किती वर्षे अद्ययावत करून मिळेल आणि त्यासाठी पैसे पडतील का, हे तीन प्रश्न दुकानातच विचारावेत. पडद्याच्या आकारापेक्षा या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आहेत. फोनवरच भागवायचे असेल, तर घरच्या इंटरनेटवर वर्धा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

नवे यंत्र शिकायचे, ते ओळखीच्या रस्त्यावर. वर्धा-नागपूर किंवा वर्धा-हिंगणघाट ही वाट ज्याला पाठ आहे, त्याने आठवडाभर त्याच वाटेवर यंत्र चालू ठेवावे. ते कुठे वळण उशिरा सांगते, उड्डाणपुलाखालून जाताना वरच्या रस्त्यावर आहोत असे कुठे समजते आणि कोणत्या गावाचे नाव कसे उच्चारते, हे या सरावातच कळते. अशी ओळख झाली की अनोळखी मुलखात त्याचे किती ऐकायचे, याचा अंदाज येतो.

आणि तेवढ्यानेही शंका उरली, तर गाडी बाजूला घेऊन, काच खाली करून, टपरीवरच्या माणसाला विचारावे. ‘भाऊ, या रस्त्याने पुढचा रपटा चालू आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आजही कोणत्याही उपग्रहाजवळ नाही. ते गावातल्या माणसाजवळ असते आणि तो ते आनंदाने देतो.